तापात घाम काढायचा की थांबवायचा? चिनी वैद्यकाचे उत्तर

प्रश्न असा आहे: ताप आला की पांघरूण घेऊन घाम काढावा असे आपल्याकडेही म्हणतात आणि चिनी वैद्यकातही. मग काहींना घामाने अंथरूण भिजले तरी ताप का उतरत नाही? आणि अशा रुग्णाला चिनी वैद्य घाम आणणारा काढा द्यायला नकार का देतात?

थोडक्यात सांगायचे तर चिनी वैद्यकात घाम हा मात्रेत करायचा उपाय आहे, आणि तो प्रत्येक तापाला लागू नाही. लागू आहे की नाही हे तापमापकाच्या आकड्यावर ठरत नाही. वैद्य आधी दोन गोष्टी विचारतो: थंडी वाजते आहे का, आणि आत्ता अंगाला घाम आहे का. मिंग काळातले वैद्य झांग जिंगयुए (१५६३–१६४०) यांनी रुग्णाला विचारायच्या दहा प्रश्नांचा क्रम लावून दिला. त्यात पहिला प्रश्न थंडी-तापाचा आणि दुसरा घामाचा आहे. भूक, शौच, तहान ही सगळी त्यानंतर.

मूळ कल्पना ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात एका ओळीत आहे: यांग यिनवर चढले की घाम होतो. यांग म्हणजे इथे शरीराची ऊब आणि रेटा, यिन म्हणजे शरीरातले द्रव. चुलीवरचे भांडे डोळ्यांपुढे आणा. वाफ बाहेर येत नसेल तर झाकण घट्ट असेल, किंवा भांड्यात पाणी नसेल, किंवा खाली जाळच नसेल. तापात घाम नसण्याचीही हीच तीन कारणे आहेत. झाकण घट्ट असेल तर ते सैल करायचे. पाणी आटले असेल तर आधी पाणी भरायचे. जाळ मंद असेल तर जाळ वाढवायचा. तिन्ही रुग्ण ‘ताप आहे, घाम नाही’ असेच सांगतात, पण पहिल्याचे औषध दुसऱ्याला दिले तर त्याचे उरलेसुरले पाणीही जाते.

त्याच ग्रंथात आणखी दोन सूत्रे आहेत. घाम धान्यापासून, म्हणजे खाल्लेल्या अन्नाच्या सारापासून बनतो. आणि ज्याचे रक्त गेले आहे त्याचा घाम काढू नये, ज्याचा घाम गेला आहे त्याचे रक्त काढू नये. घाम फुकटचा नाही, तो रक्ताच्याच खात्यातून खर्ची पडतो, हे पुढच्या सगळ्या नियमांमागचे कारण.

थंडी कुठून येते? त्वचेखाली फिरणारी ‘वेइ’ नावाची ऊर्जा त्वचेला ऊब देते आणि घामाची रंध्रे उघडझाप करते. बाहेरची थंडी शिरली की रंध्रे मिटतात. वेइ आत कोंडते म्हणून ताप चढतो, आणि ती त्वचेपर्यंत पोचत नाही म्हणून अंग तापलेले असूनही हुडहुडी भरते. आधुनिक शरीरक्रियाशास्त्र हेच दृश्य वेगळ्या शब्दांत मांडते: मेंदूतले तापमान-नियंत्रण वरच्या पातळीवर गेले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, कापरे भरते, घाम थांबतो, पातळी खाली आली की घाम सुटतो. निरीक्षण दोन्हीकडे एकच आहे, स्पष्टीकरणे निराळी. आपल्याकडे सुश्रुतसंहितेनेही ज्वराच्या व्याख्येत ‘स्वेदावरोध’ संतापाच्या आधी घातला आहे.

या निरीक्षणातून उपचारांची चौकट उभी केली ती हान राजवटीच्या अखेरीस झांग झोंगजिंग यांनी, ‘शांग हान लुन’ या ग्रंथात. प्रस्तावनेत ते लिहितात की आपल्या कुळात दोनशेहून अधिक माणसे होती, जिआन-आन पर्व सुरू झाल्यापासून (इ. स. १९६) दहा वर्षांच्या आत त्यांतली दोनतृतीयांश गेली, आणि मेलेल्यांत दहापैकी सात या तापाच्या रोगाने. ग्रंथाचा सूर किती काटेकोर आहे याचे कारण इथे सापडते. उपाय कसा करायचा याच्याइतकेच उपाय चुकला तर पुढे काय होईल आणि ते कसे सावरायचे, यावर त्याचा मोठा भाग खर्च झाला आहे.

पहिल्याच टप्प्यात, म्हणजे रोग अजून शरीराच्या बाहेरच्या थरात असताना, झांग दोन प्रकार वेगळे करतात. एकात ताप, थंडी, डोकेदुखी, अंग आणि सांधे ठणकणे, कधी धाप, आणि घाम अजिबात नाही. नाडी वरवर लागते, पण ताणलेल्या दोरीसारखी. पांघरुणावर पांघरूण टाकले तरी कुडकुडणे थांबत नाही. दुसऱ्यात ताप आहे, डोके दुखते, पण अंगाला बारीक ओल आहे. वाऱ्याची झुळूक लागली की शिरशिरी येते, पांघरूण घेतले की बरे वाटते, आणि नाडी वरवर पण सैल. पहिल्यात रंध्रे मिटलेली आहेत. दुसऱ्यात ती नीट मिटतही नाहीत: वेइ बाहेर तरंगते आहे आणि आतला द्रव, ‘यिंग’, तिला साथ न देता झिरपतो आहे. म्हणून घाम आहे, पण त्याने रोग बाहेर पडत नाही. वर विचारलेल्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे.

घाम तपासताना कपाळाला हात लावून भागत नाही. कपाळ कोणाचेही ओले असते. मानेच्या मागे कॉलरच्या आत, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि छातीवर तळहात ठेवून पाहायचे. त्वचा कोरडी-गरम आहे, दमट आहे की चिकट-गार आहे, हे तिथे कळते. शर्ट किंवा उशीचा अभ्रा बदलावा लागला का, हे विचारायचे. आणि आजच्या काळात सर्वांत महत्त्वाचे: पॅरासिटामॉलची शेवटची गोळी कधी घेतली? गोळीनंतरच्या तासा-दोन तासांतला घाम गोळीचा असतो. त्यावरून निदान केले की सगळे गणित चुकते.

घाम असलेल्या प्रकाराला ग्वेइ-झी तांग हा काढा आहे. यात दालचिनीच्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्या ३ लियांग, पांढऱ्या पिओनीचे मूळ ३, परतलेले चिनी ज्येष्ठमध २, ताजे आले ३ आणि चिनी लाल बोरे १२. लियांग हे वजनाचे जुने चिनी माप. हान काळातला लियांग उत्खननात सापडलेल्या वजनांवरून १४-१५ ग्रॅमच्या आसपास भरतो, पण मिंग काळापासून चालत आलेल्या प्रथेनुसार बहुतेक वैद्य १ लियांगला ३ ग्रॅम धरतात. म्हणजे डहाळ्या, पिओनी आणि आले प्रत्येकी ९ ग्रॅम, ज्येष्ठमध ६. यावर वाद आहे आणि तो मिटायची चिन्हे नाहीत. मंद आचेवर ७ शंग पाणी ३ शंग उरेपर्यंत आटवायचे, गाळायचे आणि १ शंग कोमट प्यायचा. शंग साधारण २०० मिलिलिटरचा, म्हणजे सुमारे दीड लिटरचे सहाशे मिलिलिटर आणि त्याचे तीन डोस.

खरी गंमत पुढच्या कृतीत आहे. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने वाडगाभर गरम, पातळ तांदळाची पेज प्यायची. मग दोन तास पांघरूण घेऊन पडायचे. सर्वांगाला, पायांपर्यंत, हलकी ओल सुटली की काम झाले. घाम पाण्यासारखा वाहू द्यायचा नाही; तसे झाले तर रोग जाणारच नाही, असे झांग स्पष्ट बजावतात. एका डोसात घाम येऊन बरे वाटले तर उरलेला काढा ओतून द्यायचा. नाही आला तर दुसरा डोस, तरी नाही तर अंतर कमी करून अर्ध्या दिवसात तिन्ही डोस संपवायचे. त्या काळात कच्चे-थंड, चिकट, मांस, दारू, दुधाचे पदार्थ, कांदा-लसणासारखे उग्र काही नाही. पेज इथे पथ्यापुरती नाही. घाम धान्यापासून बनतो, तेव्हा ज्याचा घाम आधीच झिरपतो आहे त्याला घामाचा कच्चा माल पुरवल्याशिवाय पुढचा घाम मागायचा नाही, असा तो हिशेब आहे. कोकणातल्या माणसाला तापात पेज का, हे समजावून सांगावे लागणार नाही, पण काढ्यानंतर किती वेळाने आणि कशासाठी, हे इतके नेमके लिहिलेले क्वचितच सापडते.

घाम नसलेल्या प्रकाराला मा-हुआंग तांग: एफेड्राच्या काड्या ३ लियांग, दालचिनी-डहाळ्या २, ज्येष्ठमध १ आणि कडू जर्दाळूच्या बियांतले ७० गर. एफेड्रा आधी एकटे उकळायचे, वर येणारा फेस काढून टाकायचा, मग बाकीचे घालायचे. पांघरूण घ्यायचे, पण इथे पेज नाही, कारण इथे माल भरपूर आहे, फक्त वाट बंद आहे. हा काढा घरी करून पाहण्यातला नाही. एफेड्रातले एफेड्रीन १८८५ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी वेगळे केले. ते हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवते, आणि २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आहारपूरक गोळ्यांमध्ये एफेड्रावर बंदी घातली. झांग यांनी स्वतः कोणाचा घाम काढू नये याची यादीच दिली आहे: ज्याचा घसा कोरडा पडतो, ज्याला लघवीला जळजळ होते, ज्याच्या अंगावर वाहत्या जखमा आहेत, ज्याचे नाक फुटते, ज्याचे रक्त गेले आहे, ज्याला एरवीच फार घाम येतो. प्रत्येकात द्रव आधीच कमी आहे.

आता चुका. सर्वांत मोठी चूक म्हणजे घाम जास्त काढणे: काढा घट्ट, वर दोन रजया, खोली बंद. मग दरदरून घाम येतो, ताप तासभर उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि रुग्ण आधीपेक्षा गळालेला असतो. घाम थांबतच नाही, वाऱ्याची भीती वाटते, लघवी कमी होते, हातपाय आखडतात, ही पुढची पायरी. त्यासाठी झांग ग्वेइ-झी काढ्यातच बचनागाच्या जातीचे शोधित मूळ घालतात. ते विषारी आहे आणि तज्ज्ञाशिवाय त्याला हात लावायचा नाही. घाम फार जाऊन छातीत धडधड होते आणि रुग्ण दोन्ही हात छातीवर दाबून धरतो, हे वर्णन तर आजच्या तपासणीच्या खोलीतही जसेच्या तसे दिसते. दुसरी चूक उलटी: ओल सुटली की पांघरूण फेकून पंख्याखाली बसणे. उघडलेल्या रंध्रांवर वारा, म्हणजे रोगाला पुन्हा आमंत्रण. घाम टिपून, कोरडे कपडे घालून पांघरूण हळूहळू कमी करायचे. तिसरी चूक म्हणजे फक्त डोक्याला आलेल्या घामावर समाधान मानणे. मानेपाशी थांबलेला घाम, सोबत तहान आणि लघवी कमी, हे झांग यांच्या मते अंग पिवळे पडण्याचे पूर्वचिन्ह आहे.

थंडी संपली आणि उलट उकडू लागले की रोग आत गेला. याला यांग-मिंग म्हणतात. अंग भट्टीसारखे, घाम वाहतो, गार पाणी मागतो, पांघरूण लाथाडतो, नाडी मोठी आणि उसळती. घाम इथे भरपूर आहे आणि तरी ताप हटत नाही, कारण उष्णता आतून तयार होते आहे आणि घाम तिचा परिणाम आहे. इथे घाम काढणे म्हणजे उरलेले पाणीही उडवणे. औषध बाय-हू तांग: जिप्सम १६ लियांग, झी-मू नावाचे कंद ६, ज्येष्ठमध २ आणि तांदूळ, तांदूळ शिजेपर्यंत उकळायचे. आयुर्वेदात तापावर वापरतात ती गोदंती म्हणजे हेच खनिज. फरक एवढा की तिथे तिचे भस्म करतात, चिनी वैद्य तापासाठी ते न भाजता, कुटून वापरतात, आणि ग्रंथातली मात्रा मोठी. रुग्ण फार गळाला असेल तर जिनसेंग घालतात. नेमका दुपारी तीन ते पाचच्या सुमारास चढणारा ताप, तळहात-तळपाय घामेजलेले, पोट फुगलेले आणि अनेक दिवस शौच नाही, असे असेल तर मात्र रेचक लागते. एवढी लक्षणे जुळल्याशिवाय रेचक देऊ नये.

अलीकडच्या काळातले वैद्य झांग शीचुन (१८६०–१९३३) यांनी जिप्समसोबत चक्क अॅस्पिरिन वापरले: आधी साखरेच्या पाण्यातून अॅस्पिरिन, घाम सुटू लागला की वरून गरम जिप्समचा काढा. बाहेर उघडायचे आणि आत थंड करायचे, असे दोन्ही एकाच वेळी. तर्क शंभर टक्के चिनी, औषध अर्धे युरोपीय. आज हे करू नये: मुलांना विषाणूजन्य तापात अॅस्पिरिन देत नाहीत आणि डेंग्यूचा संशय असेल तर कोणालाही नाही.

थंडी आणि ताप आलटून-पालटून येणे हा शाओ-यांग प्रकार. इथे घाम काढायचा नाही आणि रेचकही द्यायचे नाही. आपल्याकडे अशा रुग्णाचे आधी मलेरियासाठी रक्त तपासा, बाकीची चर्चा नंतर.

दक्षिणेत, यांगत्से नदीच्या खोऱ्यातल्या उष्ण-दमट प्रदेशात, एफेड्रा-दालचिनीने ताप बिघडतो असा वैद्यांचा अनुभव होता. तिथून उष्ण रोगांची वेगळी परंपरा उभी राहिली. ये त्येनशी (१६६७–१७४६) यांचे सूत्र आहे की रोग बाहेरच्या थरात असेपर्यंत घाम चालतो, आत गेल्यावर उष्णता निवळवायची. वू जूतोंग (१७५८–१८३६) तर उष्ण रोगात घाम काढण्याला निषिद्धच म्हणतात, आणि तरीही त्यांच्या ग्रंथातला पहिला काढा ग्वेइ-झी तांग आहे, यावर टीकाकारांनी पाने भरली आहेत. त्यांचा गाजलेला काढा यिन-च्याव सान. त्यात चिनी हनीसकलच्या कळ्या आणि फॉरसिथियाची फळे मुख्य, सोबत पुदिन्याच्या जातीची पाने वगैरे. घसा दुखतो, ताप जास्त, थंडी जेमतेम, तहान आहे, अशा सुरुवातीच्या तापासाठी. भरड पूड ६ च्येन, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम, बोरूसारख्या पाणगवताच्या ताज्या मुळांच्या काढ्यात टाकायची आणि वास घमघमला की लगेच उतरवायची. बहुतेकांचे इथेच चुकते. नेहमीच्या काढ्यासारखे अर्धा तास उकळले की सुगंधी भाग उडून जातो आणि औषध घशा-फुप्फुसांऐवजी पोटाचे होऊन बसते, असे वू सांगतात. इथे घाम मागायचा नाही. उष्णता मोकळी झाली की तो आपसूक येतो.

दमट उष्णतेचा ताप सगळ्यांत चिवट. हात ठेवल्यावर सुरुवातीला त्वचा फारशी गरम लागत नाही, थोडा वेळ हात तसाच ठेवला की उष्णता वर येते. दुपारनंतर ताप वाढतो, डोके जड, जिभेवर जाड चिकट थर, तहान नाही. घाम येतो, ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. कारण घामाने उष्णता थोडी जाते, दमटपणा तसाच राहतो. घाम काढला तर रुग्णाला गुंगी येते आणि ऐकू कमी येते, रेचक दिले तर जुलाब थांबत नाहीत, ओलावा वाढवणारी औषधे दिली तर रोग रुतून बसतो, असे तीन निषेध वू यांनी लिहून ठेवले आहेत. आपल्याकडे अशी तक्रार आठवडाभर टिकली तर विषमज्वराची तपासणी आधी.

बाहेरून न आलेलेही ताप असतात. १२३२ साली मंगोलांनी ब्येनलियांगचा, म्हणजे आजच्या खायफंगचा, वेढा उठवला आणि त्यानंतर शहरात माणसे पटापट मेली; शहराच्या बारा वेशींपैकी प्रत्येक वेशीतून रोज हजार-दोन हजार प्रेते बाहेर जात होती, असे ली दोंगयुआन (११८०–१२५१) लिहितात. इतर वैद्य याला बाहेरचा ताप समजून घाम काढत होते, रेचके देत होते. ली यांचे निदान वेगळे: उपास आणि श्रमाने पचनाची शक्ती खचली आहे, ताप तिथून आला आहे. त्यांनी ओळखायची खूणही दिली. बाहेरच्या तापात हाताची पाठ तळव्यापेक्षा जास्त गरम असते, आतल्या खचण्याच्या तापात तळवा पाठीपेक्षा गरम. अशा रुग्णाला दमल्यावर ताप येतो आणि जरा हालचाल केली की घाम सुटतो. त्याला अॅस्ट्रॅगॅलस, जिनसेंग असे बळ देणारे औषध लागते. घाम काढणे म्हणजे घात. शरीरातल्या द्रवाच्या, म्हणजे यिनच्या, कमतरतेतून येणारा ताप संध्याकाळी-रात्री येतो, तळहात-तळपाय तापतात, झोपेत घाम येतो आणि जाग आली की थांबतो. वर्णन अचूक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, वजन घटणे आणि रात्रीचा घाम असेल तर काढ्याआधी क्षयाची तपासणी व्हायलाच हवी.

शेवटी घाम आल्यानंतर काय पाहायचे. चांगल्या घामानंतर अंग हलके होते, नाडी शांत होते, झोप आणि भूक येते. घाम आला पण नाडी तशीच उसळती, ताप परत, बडबड, खाणे बंद, तर ‘नेइजिंग’ हे मरणाचे लक्षण मानते. काही रुग्णांना आधी जोराचे कापरे भरते आणि मग घाम येऊन ताप निघतो; त्या वेळी अंग थोडे गार पडले तरी ढवळाढवळ न करता पडू द्यावे. याच्याशी गल्लत होते ती तेलकट, चिकट, गार घामाची. हातपाय बर्फासारखे, नाडी लागेनाशी, माणूस अर्धवट शुद्धीत, असे असेल तर पुस्तक मिटून रुग्णवाहिका बोलवा. डेंग्यूत तर धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, सुरू होतो. म्हणून पोटात जोराची दुखणी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण ग्लानी असेल तर ‘घाम आला, ताप गेला’ म्हणून निर्धास्त होऊ नये.

आणि ताप खरोखर गेल्यावर, नाडी साफ असताना, रोज संध्याकाळी जरा बेचैनी आणि कसर वाटत असेल तर बहुतेक वेळा घरच्यांनी आग्रहाने जेवू घातलेले असते. पचन अजून दुबळे आहे. यासाठी झांग झोंगजिंग औषध देत नाहीत. जेवण कमी करा, एवढेच ते लिहितात.